‘स्व.’ म्हणजे कोण?

१

सरांना जाऊन साडेचार महिने झाले होते, आणि मंगळवारी सकाळी सव्वाअकरा वाजता त्यांच्यावर चोरीचा आळ आला.

आळ घेणारे गृहस्थ शाळेच्या संगणक-खोलीत पहिल्या रांगेत बसले होते. एके काळी वर्तमानपत्रात छायाचित्रकार. आता वय अठ्ठ्याहत्तर, कानात यंत्र, खिशात भिंग. शुक्रवारी सरांची वेबसाइट मुलांसाठी खुली व्हायची होती. त्याआधी चार जाणत्या माणसांनी ती बघावी आणि चुका काढाव्यात, म्हणून सरांच्या लेकीनं आठ-दहा जणांना बोलावलं होतं.

चुका भरपूर निघाल्या. कुणाला अणुभट्टीच्या आकृतीतला बाण उलटा वाटला, कुणाला अक्षर बारीक. लेक सगळं वहीत टिपून घेत होती. ती पेशानं ग्रंथपाल, त्यामुळे टिपून घेण्याची सवयच. अडतीस वर्षांपूर्वी नदीपलीकडची अणुभट्टी फुटली, ती का फुटली, मग माणसं कुठे गेली, कशी राहिली, हे शाळकरी मुलांना कळेल असं सांगायचं, हा तिच्या बाबांचा अकरा वर्षांचा उद्योग होता. आणि या सगळ्यात त्यांचं सर्वांत लाडकं पान म्हणजे शेवटचं, ऋणनिर्देशाचं. कुठला नकाशा कुणी काढला, कुठली आठवण कुणी सांगितली, कुठला फोटो कुणी दिला. एकूण चारशे बारा ओळी. ‘ज्याचं त्याला दिलं की झोप चांगली लागते,’ असं ते म्हणायचे, आणि खरंच घोरायचेही.

‘‘हे सात फोटो कुणाचे?’’ छायाचित्रकारांनी विचारलं.

सात फोटो छावणीचे होते. स्फोटानंतर याच शाळेत तीन आठवडे निवारा छावणी होती, आणि छावणीच्या आतले जगात एवढेच फोटो होते.

‘‘सरांचे,’’ संगणकवाली म्हणाली. वेबसाइट बांधणारी ही मुलगी सरांचीच जुनी विद्यार्थिनी. तिनं शेवटचं पान उघडून दाखवलं. ‘‘हे बघा ना. ‘छायाचित्रे : सर, स्वतः.’’’

‘‘खोटं.’’

खोलीतल्या खुर्च्या करकरायच्या थांबल्या.

‘‘वरच्या अंगाला ही केसासारखी रेघ दिसते? माझ्या कॅमेऱ्याचा एक दाता वर आला होता. फिल्म पुढे सरकली की ओरखडा पडायचा. संपादकांनी अठरा वर्षं त्यावरून मला फैलावर घेतलं. ही रेघ मी माझ्या सहीसारखी ओळखतो. छावणीच्या फाटकावर माझा कॅमेरा काढून घेतला, आत नवीकोरी फिल्म होती. परत मिळाला तेव्हा पोट रिकामं. ती फिल्म आज अडतीस वर्षांनी सापडली, बाई, आणि खाली नाव तुमच्या बाबांचं!’’

‘‘काहीतरी गैरसमज होतोय. बाबांनी स्वतः काढलेले...’’

‘‘स्वतः?’’ त्यांनी भिंग तिच्या हातात दिलं. ‘‘चौथा फोटो. डावीकडून तिसरा. दात काढून हसतोय, तो पोरगेला माणूस कोण?’’

लेकीनं भिंग पडद्याला लावलं. माणसांची रांग, आणि रांगेत थेट कॅमेऱ्याकडे बघून हसणारे, तेवीस वर्षांचे, तिचे बाबा.

स्वतःचा फोटो त्यांनी स्वतः काढला होता तर कसा?

२

त्या दिवशी शिक्षण खात्याच्या अधिकारीबाईही तिथेच होत्या. बाई वाईट नव्हत्या, पण नियमाच्या होत्या. ‘‘शुक्रवारी दहापर्यंत खुलासा झाला तर उत्तम. नाहीतर सातही फोटो काढा, आणि पहिल्या पानावरचं सरांचं नावही. उचललेला माल दाखवून मुलांना प्रामाणिकपणा कसा शिकवणार?’’

लेक घरी आली आणि जेवणाच्या टेबलावर बाबांचे खोके मांडून बसली. एकेका वस्तूसाठी एकेक कार्ड, पांढरं, मोजक्या अक्षरांचं. आई शेजारी बसून शेंगा सोलत होती. समोर थोरले काका, सरांचे मोठे भाऊ. छापखान्यात चाळीस वर्षं मुद्रितशोधन केलेले. जेवणाची चिठ्ठी दिली तरी आधी तिच्यातला ऱ्हस्व-दीर्घ बघणारे.

सात फोटोंच्या सात कार्डांवर एकच नोंद होती : ‘स्व.–छा.’

‘‘मला काय वाटणार, ताई?’’ लेकीबरोबर आलेली संगणकवाली रडवेली झाली होती. मथळे आणि श्रेय तिनंच लिहिलं होतं, कारण या सातांचं लिहायचं राहूनच सर गेले. ‘‘स्व. म्हणजे स्वतः, छा. म्हणजे छायाचित्र. स्वतः काढलेलं छायाचित्र. दुसरं काय असणार?’’

‘‘स्वर्गीय,’’ काका म्हणाले.

‘‘काय?’’

‘‘स्व. म्हणजे स्वर्गीय. कैलासवासीला कै., तसं. काढणारा मेलेला असणार. मी शोकपत्रिका तपासत आलोय जन्मभर, मला सांगू नका.’’

‘‘भावोजी,’’ आई म्हणाली, ‘‘मेलेल्याचं नाव नको का पुढे? नुसतंच स्वर्गीय? स्वर्गात काय एकच माणूस राहतो?’’

काकांनी एक शेंग तोंडात टाकली. म्हणजे मुद्दा मान्य.

लेकीनं खोकं जवळ ओढलं. ती सगळी कार्डं पहिल्यापासून वाचत होती. बाबांचं अक्षर इतकं शांतपणे वाचायची ही पहिलीच वेळ, आणि मन भरून यायला तिला आज सवड नव्हती. ‘ड्रा.’ म्हणजे ड्रायव्हर, बस चालवणारा. ‘प.’ म्हणजे परिचारिका. ‘शि.’ म्हणजे शाळेचा शिपाई. नावं फारच थोडी.

‘‘आई, बाबा नावं का नाही लिहायचे?’’

‘‘लोकच नको म्हणायचे गं. त्या छावणीत होतो म्हटलं की शेजारी चार हात लांब बसायचे. मुलींची लग्नं मोडली. मग हे म्हणायचे, नाव नको तर कामावर लिहितो, पण लिहिणार.’’

सव्वातीनशेवं कार्ड. फुटलेल्या भट्टीचं कुंपण, दहा वर्षांपूर्वीचं. तिथे बाबांबरोबर लेकही गेली होती. फोटो काढताना त्यांची टोपी उडालेली तिला आठवत होती. कार्डावर लिहिलं होतं : ‘मी.’

तिनं पुढची कार्डं भराभर चाळली. मी. मी. मी. जिथे कॅमेरा बाबांच्या हातात होता, तिथे सगळीकडे ‘मी’.

‘‘काका,’’ ती म्हणाली, ‘‘बाबा स्वतःला ‘स्व.’ म्हणतच नव्हते. ‘स्व.’ हे कुणाचं तरी काम आहे. आणि तो माणूस छावणीत होता.’’

आईच्या हातातली शेंग तशीच राहिली. ‘‘माणूस नाही,’’ ती हळूच म्हणाली. ‘‘बाई. एकदा फोनवर बोलताना ऐकलं होतं मी यांना. म्हणत होते, ‘ती नाव लावू देत नाही, काय करू?’’’

३

बुधवारी सकाळी काकांनी शब्दकोश मांडीवर घेतला.

‘‘स्वयंवर. स्वर्णकार. घाईत काना राहिला असेल तर स्वार. घोड्यावरून कोणी आलं होतं का छावणीत?’’

‘‘काका!’’

‘‘स्वयंसेविका. स्वागतिका. स्वयंपाकीण. स्वच्छता...’’

‘‘थांबा. स्वयंसेविका किती होत्या?’’

आईला ऐकून ठाऊक होतं : एकही नाही. स्वयंसेवेसाठी बायकांना घेतच नव्हते. स्वयंसेवक होते ते सगळे पुरुष. सफाईलाही पुरुषच. राहिल्या दोन. शाळेच्या दारात टेबल टाकून येणाऱ्यांची नावं लिहून घेणारी स्वागतिका, आणि स्वयंपाकीण.

स्वागतिका शोधायला वेळ लागला नाही. बाजारातल्या कापडदुकानात गल्ल्यामागे ती अजूनही लोकांचं स्वागतच करत होती. सत्तरीची, लिपस्टिक लावलेली, हसरी.

‘‘फोटो? छावणीतले?’’ तिनं लेकीला आणि संगणकवालीला स्टुलांवर बसवलं. ‘‘म्हणजे वेबसाइटवर नाव येणार?’’

‘‘ज्यांनी काढले त्यांचं.’’

‘‘मग मीच काढले की!’’

संगणकवालीनं लेकीचा हात दाबला. लेकीनं शांतपणे विचारलं, ‘‘कुठून काढलेत?’’

‘‘माझ्या टेबलावरून! दारात होतं ना माझं टेबल. बसल्या जागी खटाखट.’’

लेकीनं दुसरा फोटो समोर ठेवला. रांग, खांब, आणि पार तिकडे, सभागृहाच्या दुसऱ्या टोकाच्या दारात, एक टेबल. टेबलामागे डोक्यावर केसांचा मनोरा रचलेली एक तरुणी.

‘‘ही कोण?’’

स्वागतिकेनं चष्मा लावला, फोटो नाकाशी नेला, आणि किंचाळलीच. ‘‘अगंबाई! मीच! केस बघा, केस! केवढे होते! अहो, ऐकलंत का,’’ ती आतल्या नवऱ्याला ओरडली, ‘‘बाहेर या, मी कशी दिसायचे बघा! तुम्ही म्हणता ना, कधी बारीक नव्हतेच म्हणून!’’

फोटो आपण काढले होते, हे ती साफ विसरली. लेकीलाही तिची आठवण करून द्यावीशी वाटली नाही.

‘‘कॅमेरे कुठे ठेवायचे हो, काढून घेतलेले?’’

‘‘फाटकावरून यायचे ते माझ्याच टेबलावर. मी नाव लिहायचे, मग ते कोठीत जायचे. सगळ्या शाळेत कुलूप लागेल अशी ती एकच खोली. शिधा असायचा ना तिथे.’’ नजर फोटोवरच. ‘‘एवढा लांब का काढलाय पण? जवळून काढायला काय झालं होतं मेलीला?’’

‘‘मेलीला?’’ लेक उठता उठता थांबली. ‘‘काढणारी बाई होती, हे तुम्हाला कुठं सांगितलं आम्ही?’’

स्वागतिकेनं जीभ चावली. दुकानात तीन गिऱ्हाइकं होती. तिघांकडे आळीपाळीनं बघून ती म्हणाली, ‘‘मला काही माहीत नाही. मी शब्द दिलाय. आणि आता साडी बघायची असेल तर बघा, नाहीतर या.’’

४

‘‘आता हिला घरी नेऊन बोलतं करायचं,’’ संगणकवाली रस्त्यात म्हणाली.

‘‘नको. तिनं शब्द दिलाय. आपण आपलं शोधू.’’

शाळेच्या मोठ्या सभागृहात दोघी फोटो हातात धरून मागे मागे सरकत गेल्या. खांब जुळले, घड्याळाची जागा जुळली, जिना जुळला. पण जमिनीवर उभं राहून काही केल्या रांग वरून दिसेना. मागे सरकता सरकता लेकीची पाठ भिंतीला टेकली. भिंतीत लाकडी झडप होती, रंगानं बंद झालेली. पलीकडे खेळाच्या सामानाची खोली.

शिपायानं किल्ली दिली. जाळ्या, चेंडू आणि हुतूतूच्या खडूंच्या पिशव्या बाजूला करून दोघींनी आतून झडपेला खांदा लावला. चौथ्या धडकेला ती उघडली. आतली जमीन दोन पायऱ्या उंच होती. समोर अख्खं सभागृह, वरून, जसंच्या तसं, दुसऱ्या फोटोतलं.

‘‘ताई, ही तर वाढायची खिडकी!’’

‘‘म्हणजे ही खोली स्वयंपाकघर. आणि त्या कोपऱ्यातलं दार...’’

‘‘कोठी.’’

लेक कट्ट्यावर कोपर टेकून फोटो पुन्हा एकेक बघायला लागली. सातांपैकी पाच फोटोंत खालचा डावा कोपरा पांढुरका होता. त्याखाली संगणकवालीनं मथळा दिला होता : ‘किरणोत्सर्गामुळे फिल्म अशी धुरकटली.’ मंगळवारी सगळ्यांना तोच मथळा सर्वांत आवडला होता. एकानं तर ‘बापरे’ही म्हटलं होतं.

‘‘हे तुला कुणी सांगितलं?’’

‘‘कुणी नाही,’’ संगणकवाली ओशाळली. ‘‘मला वाटलं. अणुभट्टी, पांढरं, म्हणजे...’’

‘‘बाबांनी तुला बाकावर उभं केलं असतं. किरणोत्सर्गाला कोपरा कळत नाही गं. फिल्म धुरकटली असती तर सगळीच. आणि हे बघ, प्रत्येक फोटोत याचा आकार वेगळा. इथे पसरट, इथे शेंडीसारखं वर गेलेलं. आणि या दोन फोटोंत नाहीच. त्यात घड्याळात किती वाजलेत?’’

‘‘अकराला दहा कमी. अकराला पाच कमी.’’

‘‘आणि पांढरं आहे त्या सगळ्यांत?’’

‘‘अकराच्या पुढे.’’ संगणकवालीचे डोळे मोठे झाले. मग काही न बोलता ती पळत सुटली आणि शिक्षकांच्या खोलीतली विजेची किटली घेऊन आली. मागोमाग दोन शिक्षिका, चहा कोण पळवतंय ते बघायला. किटली कट्ट्यावर डाव्या हाताला ठेवली. पाणी खळखळायला लागलं तसा लेकीनं फोन काढून फोटो घेतला. दोन्ही शिक्षिका समोर, हॉलमध्ये, कमरेवर हात ठेवून उभ्या.

खालच्या डाव्या कोपऱ्यात पांढुरका, शेंडीसारखा वर गेलेला ढग.

‘‘वाफ!’’ संगणकवाली ओरडली. ‘‘सूपचं पातेलं!’’ आणि तिनं दोन्ही शिक्षिकांना खिडकीतूनच मिठी मारायचा प्रयत्न केला.

लेक हसत होती, पण तिची नजर चौथ्या फोटोवर होती. ‘‘आणि माणसं बघ यातली. कॅमेऱ्याकडे माणूस असा बघत नाही. कॅमेऱ्यासमोर तो पोट आत घेतो. असा तो वाढणाऱ्याकडे बघतो. यांच्या हातातले वाडगे वाफेखाली गेलेत एवढंच.’’

अकरा वाजता सूप वाढणारी, कोठीची किल्ली जवळ असणारी, ‘स्व.’

संध्याकाळी लेकीनं कापडदुकानात फोन केला. ‘‘तुम्ही काही सांगू नका. मी सांगते. ती स्वयंपाकीण होती. चुकत असेन तर फक्त नाही म्हणा.’’

पलीकडे बराच वेळ कात्रीचा आवाज आला. मग स्वागतिका म्हणाली, ‘‘सायकलींच्या दुकानावर तिसरा मजला. मी सांगितलं नाही हं. आणि गेलात तर भूक ठेवून जा.’’

५

गुरुवारी सकाळी दार एका म्हातारीनं उघडलं. ठेंगणी, दंड अजून पैलवानासारखे, हाताला पीठ.

‘‘छावणी? कसली छावणी? मी नव्हतेच तिथे.’’

‘‘मी सरांची लेक.’’

म्हातारीचा हात दाराच्या कडेवर तसाच राहिला. आतून सुनेचा आवाज आला, ‘‘कोण आहे हो, आई?’’

‘‘गॅसवाले!’’ म्हातारीनं ओरडून सांगितलं, आणि लेकीला दंडाला धरून गच्चीच्या जिन्यात नेलं. पिठाचे पाच ठसे बाहीवर उमटले.

‘‘मास्तर गेले ते कळलं मला. येता आलं नाही. काय सांगून येणार? घरात कुणाला ठाऊक नाही मी नदीपलीकडची ते. सुनेला नाही, नातीला नाही.’’

‘‘तुमचा काय दोष त्यात?’’

‘‘दोषाचं कोण विचारतंय, बाई? मी स्वयंपाकीण. छावणी उठल्यावर एका घरी लागले. पहिल्या दिवशी कुणीतरी सांगितलं, ही तिकडची. संध्याकाळी ताटं जशीच्या तशी परत आली. चौदा ताटं. शिंप्याचं कापड लोक धुऊन घेतील, सुताराची खुर्ची पुसून घेतील. माझ्या हातचं खायचं असतं.’’ ती पायरीवर बसली. ‘‘मग गाव बदललं, बोली बदलली. पुढं पस्तीस वर्षं लोकांनी बोटं चाटून खाल्लं.’’

लेकीनं चौथा फोटो तिच्या हातात दिला. मंगळवारी काय झालं ते सांगितलं, शुक्रवारी काय होणार तेही. काही मागितलं नाही.

म्हातारीनं फोटो लांब धरला, जवळ धरला. मग तिच्या पोटातून हसू वर यायला लागलं.

‘‘हा तिसऱ्यांदा आला होता रांगेत. मी म्हटलं, मास्तर, दोनदा झालं की तुमचं. तर म्हणतो, ‘बाई, मी मोजायला शिकवतो, मोजून खात नाही!’ सगळी रांग हसली. तीन दिवसांत पहिल्यांदा हसली हो माणसं. माझ्या मागं कोठीत ते कॅमेरे पडलेले. एक सकाळीच घेऊन ठेवला होता. उजव्या हातात डाव, डाव्या हातात कॅमेरा. दाबलं. त्याच्या आधी तीनदा दाबून बघितलं होतं, नंतर तीनदा.’’

लेकही हसली. मग तिनं प्यायला पाणी मागितलं, आणि म्हातारीनं घाई न करता, सावकाश, पाणी आणून दिलं.

‘‘आणि फिल्म?’’

‘‘सातानंतर ते चाक अडलं. मी म्हटलं मोडला! मास्तरानं घोंगड्याखाली डोकं घालून फिल्म काढली आणि माझ्या हातात दिली. म्हणाला, ज्याचा कॅमेरा आहे त्याला दिली पाहिजे. मी म्हटलं, द्याल तर मी काढले हे कळेल. मी पिठाच्या डब्यात लपवली. अठ्ठावीस वर्षांनी त्यालाच नेऊन दिली. पण शब्द घेतला, नाव लावायचं नाही.’’ तिनं पदराला हात पुसले. ‘‘चोरी मीच केली, बाई. पोरानं माझ्यापायी तोंड बंद ठेवलं.’’

‘‘मी तुमचं नाव सांगणार नाही,’’ लेक म्हणाली. ‘‘बाबांचा शब्द तो माझा. मी फक्त खरं काय ते समजून घ्यायला आले.’’

‘‘मग त्याचं नाव पुसतील की!’’

लेकीनं पाण्याचा पेला तिच्या हातात परत दिला.

जिन्याच्या तोंडाशी कुणीतरी खाकरलं. सून उभी होती, हातात लाटणं. किती वेळ उभी होती कोण जाणे.

‘‘आई,’’ ती म्हणाली, ‘‘गॅसवाले जेवून जाणार आहेत का?’’

६

शुक्रवारी सव्वानऊला संगणक-खोलीत अधिकारीबाई, काका, आई, आणि हाताची घडी घालून छायाचित्रकार. मागच्या रांगांतून सहावीची तीस मुलं, आजचे पहिले वाचक.

‘‘खुलासा?’’ छायाचित्रकार म्हणाले.

दार उघडलं. आधी सून आली, मग नात, मग त्या दोघींच्या मधून वाट काढत म्हातारी.

‘‘मी काढले फोटो,’’ ती बसायच्या आधीच म्हणाली. ‘‘कॅमेरा तुमचा. मला विचारायला हवं होतं, पण तुम्ही फाटकाबाहेर होतात.’’

छायाचित्रकार उभे राहिले. ‘‘तुम्ही? तुम्ही कोण?’’

‘‘स्वयंपाकीण.’’

‘‘माझी फिल्म एका... आणि इतकी वर्षं ती होती कुठे?’’

‘‘मास्तर परत करू म्हणाला, मीच करू दिली नाही. पिठाच्या डब्यात होती.’’

‘‘पिठाच्या!’’ ते मटकन खाली बसले. ‘‘आणि क्षितिज! सातही फोटोंत क्षितिज वाकडं आहे, बाई!’’

‘‘वाढत होते हो मी एका हातानं! तुम्ही काढून दाखवा, पातेलं सांभाळून!’’

मुलं खिदळली. अधिकारीबाईंनी हातानं गप्प केलं, पण त्यांचंही तोंड सरळ राहिलं नव्हतं. ‘‘फोटो कुणी काढले ते कळलं. पण फिल्म यांची, हे सरांना ठाऊक होतं. त्यांनी यांचं ऋण लपवलं, हे उरतंच.’’

‘‘मलाही काल रात्रीपर्यंत तसंच वाटत होतं,’’ लेक म्हणाली. तिनं कार्ड पडद्यावर दाखवलं. स्व.–छा. ‘‘आम्ही सगळ्यांनी हे एका दमात वाचलं. ‘स्वतःचं छायाचित्र.’ ‘स्व.’ म्हणजे स्वयंपाकीण हे कळलं, तरी ‘छा.’ म्हणजे छायाचित्र हेच धरून चाललो. पण बाबांच्या खोक्यात फोटोंची एकशे नव्वद कार्डं आहेत. बाकी एकावरही ‘छा.’ नाही. फोटोच्या कार्डावर ‘हा फोटो आहे’ असं कोण लिहील? ड्रायव्हरला ड्रा., परिचारिकेला प. ते माणसाचं काम लिहायचे.’’

काका खुर्चीत पुढे सरकले. ‘‘मधली रेघ!’’ ते म्हणाले. ‘‘चाळीस वर्षं मुद्रितं तपासली आणि मधली रेघ बघितली नाही मी! ही दोन माणसं आहेत!’’

‘‘स्वयंपाकीण,’’ लेक म्हणाली, मग छायाचित्रकारांकडे वळली, ‘‘आणि छायाचित्रकार. बाबांनी यांना शब्द दिला होता म्हणून तुम्हाला सांगता आलं नाही. पण कार्ड केलं त्या दिवसापासून तुमचं ऋण यावर आहे.’’

छायाचित्रकारांनी भिंग काढलं. पडद्यावर ती दोन अक्षरं हातभर मोठी असूनही त्यांनी ती भिंगातून वाचली. मग ते भिंग पुसायला लागले.

‘‘आतला एकही फोटो मला मिळाला नाही,’’ ते शेवटी म्हणाले. ‘‘तीन आठवडे फाटकाबाहेर उभा होतो. जन्मभर वाटत राहिलं, सगळं आत झालं आणि मी बाहेर. तर कॅमेरा आत होता म्हणायचा.’’ त्यांनी म्हातारीकडे पाहिलं. ‘‘आणि चौथा फोटो मला जमला नसता. माझ्याकडे बघून कुणी असं हसलं नसतं.’’

‘‘तुम्ही वाढलं असतंत तर हसले असते,’’ म्हातारी म्हणाली.

अधिकारीबाईंनी कागदावरचं काहीतरी खोडलं. ‘‘सरांचं नाव जागेवर राहील. श्रेयाची ओळ तेवढी बदला.’’

संगणकवाली टाइप करायला बसली. छायाचित्रे : छावणीची स्वयंपाकीण. कॅमेरा : ... छायाचित्रकारांनी नाव सांगितलं, तिनं लिहिलं. वाफेचा मथळाही बदलला. दहा वाजायला सहा मिनिटं होती.

तेवढ्यात मागून सहावीतली एक मुलगी उभी राहिली. ‘‘कॅमेऱ्याच्या मालकांना नाव आहे. यांनाच का नाही?’’

‘‘खाली बस,’’ अधिकारीबाईंनी दटावलं. लेकही म्हणाली, ‘‘त्यांना नकोय गं, आणि ते ठरवणं त्यांच्याकडे.’’

मुलगी बसली, पण पटलं नाही हे तिच्या बसण्यातच दिसलं. म्हातारीनं सुनेकडे पाहिलं. सकाळी निघताना सासूनं केलेलं तिनं पोटभर खाल्लं होतं, नातीनं दोनदा मागून घेतलं होतं. म्हातारी उठली.

‘‘लिहून घे गं,’’ ती संगणकवालीला म्हणाली. ‘‘नाव मोठं आहे. जागा पुरेल ना?’’

‘‘वेबसाइटचं पान आहे, आजी. कितीही लिहा, खाली वाढत जातं.’’

म्हातारीनं घसा साफ केला आणि तीस मुलांसमोर, खणखणीत आवाजात, सगळं सांगितलं : स्वतःचं नाव, बापाचं नाव, माहेरचं आडनाव, सासरचं आडनाव, आणि सगळ्यात शेवटी, सावकाश, एकेक अक्षर सुटं करून, नदीपलीकडच्या आपल्या गावाचं नाव.

काका वाकून पडद्याकडे बघत होते. ‘‘पहिली वेलांटी ऱ्हस्व आहे,’’ ते म्हणाले.

‘‘दीर्घ,’’ म्हातारी म्हणाली. ‘‘गाव माझं आहे.’’

संगणकवालीनं ती दीर्घ केली.